नळाची गरज नसलेल्यांचं अलिबाग

अलिबाग तालुक्यात जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो आणि पाण्याचा टँकरवर. दोन्ही भाव चढतच आहेत, पण दोन्हींकडे एकदम बघणारा माणूस विरळा. मुंबईची वर्तमानपत्रं अलिबागबद्दल लिहितात तेव्हा विषय ठरलेले असतात. कुठल्या नटाने आवासला जागा घेतली, कुठल्या क्रिकेटपटूचा बंगला झिराडला उभा राहिला, मांडव्याला उतरल्यावर कॉफी कुठे चांगली मिळते. त्याच आठवड्यात इथल्या पेपरात आतल्या पानावर उमटे धरणाच्या गढूळ पाण्याचं काहीतरी छापून आलेलं असतं. दर पावसाळ्यात येतं, म्हणून ते कोणी वाचतही नाही.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे मला मांडायचं आहे. संबंध आहे, पण सहसा सांगितला जातो तसा नाही. ‘बाहेरचे आले आणि आमचं पाणी पळवलं’ हे भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे आणि निम्मंच खरं आहे. उमट्याचं पाणी बंगले यायच्या आधीही गढूळच होतं. सांबरकुंडचं धरण 1982 सालापासून मंजूर आहे, पण अजून झालेलं नाही. तेव्हा किहीमच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि थोडीशी जुनी पारशी-गुजराती घरं याशिवाय काही नव्हतं. वडखळ-अलिबाग रस्ता आमच्या वडिलांच्या पिढीनेही शिव्या देतच पार केला. म्हणजे हेळसांड जुनी आहे. नव्या वैभवाने एक वेगळी गोष्ट केली. ज्यांच्या एका फोनवर मंत्रालयातली फाईल हलते अशी माणसं या तालुक्यात राहायला आणली आणि त्यांना या तालुक्यातल्या एकाही सार्वजनिक सोयीची गरज पडू दिली नाही. त्यामुळे सोयी जिथल्या तिथे राहिल्या आणि त्यांबद्दल ओरडणारे आवाज मात्र पूर्वीसारखेच लहान राहिले.

उमटे धरण रामराजच्या बाजूला आहे आणि जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे. सत्तरच्या दशकातलं. तालुक्यातली साठाहून जास्त गावं आणि त्यांच्या वाड्या त्यावर अवलंबून आहेत. धरणात वर्षानुवर्षांचा गाळ. तो काढा म्हणून गावच्या तरुणांना निवेदनं द्यावी लागली, आंदोलनं करावी लागली. पाणी धड शुद्ध न होताच गावागावांत पोचतं अशी तक्रार इतकी जुनी आहे की आता ती तक्रारीच्या सुरात कोणी सांगत नाही. नळाच्या तोंडाला फडकं बांधायचं, हंड्यात तुरटी फिरवायची, पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस पाणी उकळूनच प्यायचं, हे इथल्या सुनांना सासूबाई सासरच्या रीतीभातींसारखं शिकवतात. आणि उन्हाळ्यात पाणी गढूळ का होईना, येईल का, हा प्रश्न. जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 ला झाली, घरोघर नळाचं आश्वासन मिळालं. निळे पाइप आले, तोट्याही बसल्या. पण शेवटच्या टोकाच्या वाडीत तोटी फिरवली की आधी हवा येते आणि बरेचदा नंतरही हवाच येते. जुन्या धरणातलं तेच पाणी जास्त तोट्यांत वाटून ते वाढणार कसं, हा प्रश्न तिसरीतलं पोरही विचारेल.

आता याच गावच्या हद्दीतला बंगला घ्या. त्याच्या मालकाने उमट्याचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. जागा घेतल्यावर पहिलं काम बोअर मारण्याचं. एकीला पाणी नाही लागलं तर दुसरी. मग घरापुरता शुद्धीकरणाचा संच, वर टाक्या, बागेला ठिबक, पोहण्याचा तलाव, वीज गेली तर जनरेटर, एप्रिल-मेमध्ये टँकर. यात बेकायदा काही असेलच असं नाही, आणि माझ्याकडे पैसा असता तर मीही हेच केलं असतं. माणूस व्यवस्था नसलेल्या ठिकाणी घर बांधतो तेव्हा व्यवस्था सोबत आणतो. फक्त असं होतं की, गावातल्या शंभरेक घरांनी स्वतःची पाणीपुरवठा योजना, स्वतःचं वीज मंडळ आणि स्वतःची पहारा व्यवस्था उभारली की, गावच्या योजनेला त्यांच्याकडून ना पैसा मिळतो ना धाक. ग्रामसेवकाला रात्री नऊ वाजता फोन करून ‘पाणी का नाही आलं’ असं दरडावणारा माणूस त्या घरात नाही. तिथे फोन टँकरवाल्याला जातो.

जमिनीच्या पोटात मात्र ही व्यवस्था खासगी राहत नाही. अष्टागरातल्या बागायती, म्हणजे अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, पिढ्यान्‌पिढ्या विहिरींवर जगल्या. पूर्वी रहाट होते, मग पंप आले. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्या विहिरींचं पाणी गोडं, याचं कारण साधं आहे. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते वाळूच्या थरात मुरून खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. साय दुधावर राहावी तसं. भूजलशास्त्रात याचं एक प्रसिद्ध गणित आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी सापडतं. हे ऐकायला फार छान वाटतं, पण तेच उलट्या बाजूने वाचा. उपसा वाढून वरची पातळी एक मीटर उतरली की खालून खारं पाणी 40 मीटर वर सरकायला मोकळं होतं. जुनी बागायती विहीर उथळ असते आणि वरवरचं पाणी घेते. पाणी आटलं की पंप बंद पडतो आणि विहीर रात्रभरात पुन्हा भरते. बोअरला ही अडचण नाही. ती खोलवर बसून ओढत राहते. एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाळ्यात सुधारत नाही आणि पोफळ खारं पाणी सोसत नाही. हिरवळीसाठी कुठे बोअर चालली आणि दोन वाड्यांपलीकडे कोणाची विहीर बिघडली, यातला धागा कागदावर कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्यामुळे बिघडलेल्या विहिरीचा खर्च नेहमी ज्याची विहीर त्याच्याच माथी बसतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा हा फरक सगळ्यांना एकदम दिसला. खांब आडवे झाले, तारा तुटल्या, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळयोजना बंद. ज्या गावांनी जुन्या सार्वजनिक विहिरी ‘आता काय उपयोग’ म्हणून कचऱ्याने बुजवल्या होत्या, त्यांना त्या विहिरी त्या दिवसांत फार आठवल्या. जनरेटरची घरघर ज्या कंपाउंडातून ऐकू येत होती तिथे टाकी भरत होती. वाडीवाल्यांची तर पोफळीची उभी झाडं गेली, आणि पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मदतीचा हिशेब मात्र हेक्टरवर झाला, झाडाच्या वयाचा त्यात विचारच नव्हता. नंतर झाडांवरून भरपाई मोजली गेली, पण तोवर वर्षाचं उत्पन्न बुडालेल्यांपैकी कितीजणांनी रस्त्याकडेचा तुकडा विकला असेल, याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नाही.

वाहतुकीचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे, म्हणून ते नीट मांडायला हवं. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. शंभराहून जास्त गाड्या पोटात घेणारी ती बोट पाहायला सुरुवातीला गावागावांतून माणसं आली होती. ही सोय निव्वळ श्रीमंतांची असं म्हणणं अन्याय होईल. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या कॅटामरान बोटी पावसाळ्यात बंद असतात, रो-रो बरेचदा चालू राहते. आमच्याकडचे नोकरदार, विद्यार्थी, दवाखान्याला जाणारे म्हातारे तिच्यातून जातात आणि वडखळचा वळसा वाचतो. हे कौतुक केलंच पाहिजे. पण जवळच धरमतर खाडीच्या तोंडाशी रेवस आहे. रेवस ते भाऊचा धक्का लाँच कित्येक पिढ्यांची. भाजीवाल्या बायका, मासळीवाल्या, धक्क्यावर कामाला जाणारी माणसं यांची ती लाँच. तिथे गाळ साचतो, ओहोटीला लाँच लागत नाही आणि माणसं भरतीची वाट बघत बसतात. मांडव्याला खोल पाणी, लाटा अडवणारा बांध, टर्मिनल हे सगळं सरकारी पैशातून झालं. रेवसचा गाळ काढायला त्या खर्चाचा चतकोरही लागला नसता. आपल्याकडे पैसा नाही हे उत्तर अशा वेळी पटत नाही. खर्चाला क्रम असतो, आणि तो क्रम कोणी लावला हे विचारायला हवं.

(आपल्या सोयीसाठी अलिबाग वापरायची मुंबईची खोड तशी जुनीच. 1904 साली चुंबकीय वेधशाळा इथे आली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून. ट्रामच्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतले काटे हलले असते. त्या वेधशाळेचा आम्हाला अभिमानच आहे, पण कारण तेव्हाही मुंबईचंच होतं.)

रस्त्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो ज्याने एकदा पार केलाय त्याला सांगायला नको. वडखळ ते अलिबाग वीस-बावीस किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी पोयनाड-पेझारीपासून कार्लेखिंडीपर्यंत गाड्यांची रांग. त्या रांगेत पनवेल विनाथांबा एसटी असते, कॉलेजच्या पोरी असतात आणि सायरन वाजवणारी रुग्णवाहिकाही असते. आरसीएफ या खत कारखान्याची मालगाडी पेणहून थळपर्यंत येते. खतासाठी रूळ टाकता आले. माणसांसाठी त्यांचा उपयोग करायचा विषय दर निवडणुकीत निघतो आणि निकालाच्या दिवशी बंद होतो. दरम्यान 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला, रेवस-करंजा पूल अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय तोही आता खांबांच्या रूपात दिसू लागलाय. या पुलांमुळे मुंबई जवळ येईल हे खरंच. पण जवळ आलेली मुंबई उतरणार कुठे, तिचा कचरा आणि सांडपाणी कोणत्या गटारात जाणार, याचं नियोजन पुलाच्या खांबांइतकं तरी दिसायला हवं होतं.

गंभीर रुग्ण झाला की आमच्याकडे घरातलं पहिलं वाक्य ‘पनवेलला न्यायचं की मुंबईला’ हेच असतं. खरं तर अलिबाग हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हापासून. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2021-22 मध्ये सुरू झालं, ही मोठीच गोष्ट. पण त्याचं स्वतःचं संकुल उसरला व्हायचं आहे आणि तोवर विशेषज्ञ, यंत्रं, खाटा यांची ओढाताण चालूच राहणार. बंगल्यातल्या माणसाला छातीत दुखलं तर तोही पनवेल-मुंबईलाच जातो. इथे तरी आपण समान असायला हवं होतं. तो मात्र स्वतःच्या गाडीतून, ओळखीच्या डॉक्टरकडे, आधी फोन करून जातो. समान अडचणीतून समान मागणी निघते असं आपण समजतो, तिथेच ते थांबतं.

आता या सगळ्याला जे उत्तर दिलं जातं, ते मी मनापासून घेतो, कारण ते देणारे माझ्या ओळखीचेच आहेत. गवंडी, सुतार, वायरमन, माळी, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, बंगल्यांची राखण करणारी जोडपी, रिक्षा, खानावळी, घरगुती मासळी जेवण देणारे: या पट्ट्यातल्या निम्म्याहून अधिक घरांत कोणीतरी या पैशावर आहे. भातशेतीत काय उरलंय? मासळी किती कमी झाली हे नवगाव-साखरच्या कोळ्यांना विचारा. जमीन कोणी हिसकावून घेतली नाही, आपणच विकली आणि विकून मुलाला इंजिनीअर केलं, बहिणीचं लग्न केलं, घर बांधलं. ‘तुम्हाला काय, तुम्ही लेख लिहा,’ असं मला एका दुकानदाराने ऐकवलंही. त्याचं बरोबर आहे. पर्यटन आणि बंगले थांबवा, अशी माझी मागणी नाहीच. ती मागणी करणारे बहुतेक जण स्वतः पुण्या-मुंबईत राहून गावाच्या शांततेची काळजी करतात.

पण या उत्तराचा शेवट काय होतो ते बघा. रोजगार आला म्हणून पाण्याची तक्रार करू नका, हा त्याचा मथितार्थ. बंगल्यात झाडांना दोनदा पाणी घालणारी बाई घरी जाऊन टँकरची वाट बघते, आणि तिला बंगल्याने पगार दिला म्हणून तिच्या नळाची जबाबदारी संपली? पगार हा कामाचा मोबदला आहे. नळ हा नागरिक म्हणून तिचा हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरा सोडायचा, असा करार कोणी केलेला नाही. आणि रोजगार टिकायचा असेल तरी पाणी लागणारच. मचूळ विहिरींच्या गावात पाहुणा एक हंगाम येतो, पुढच्या हंगामाला तो काशिद किंवा दिवेआगरला जातो.

खरा अडथळा मला गावातच दिसतो. बंगलेवाल्यांची मतं मुंबईत आहेत, त्यामुळे निवडणुकीपुरतं पाहिलं तर ते इथे नसल्यासारखेच. मतं आमची आहेत. मग आमचे निवडून आलेले लोक पाण्यासाठी का भांडत नाहीत? कारण बऱ्याच गावांत जमिनीचा दलाल, टँकरचा मालक, जेसीबी आणि रेती-खडीचा पुरवठादार आणि पंचायतीतला सदस्य हे एकाच घरातून निघतात. कधी कधी तो एकच माणूस असतो. नळाला रोज पाणी आलं तर त्याचा उन्हाळा कोरडा जाईल. असं उघड कोणी बोलत नाही आणि कदाचित तो मनात तसा विचारही करत नसेल. पण ज्याचं उत्पन्न तुटवड्यावर आहे त्याच्याकडे तुटवडा मिटवायचं काम सोपवलं, तर ते काम निवांतच होणार. पक्ष कुठलाही असो. या बाबतीत आमच्याकडे फार मोठी एकजूट आहे.

कायद्याचा वापरही कसा दुतोंडी होतो पाहा. 8 मार्च 2019 ला किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला स्फोटकं लावून पाडला, देशभर चित्रं दाखवली गेली. तो पाडायला मालकाला आधी देश सोडून पळावं लागलं आणि उच्च न्यायालयाला सरकारला वारंवार हटकावं लागलं. किनारा नियमन क्षेत्राचे नियम 1991 पासून आहेत. पण कोळीवाड्यात वाढलेल्या कुटुंबासाठी एक खोली काढायची, मोडकं छप्पर नीट बांधायचं, तर त्याच नियमांचं नाव सांगून वर्षं जातात. गावठाण विस्तार रखडतो, भावाभावांत घर वाटायला जागा नसते, आणि त्याच गावच्या शेतजमिनी बिनशेती होऊन भिंतीआड जातात. किनाऱ्याकडे जायच्या जुन्या पायवाटांना मध्येच फाटक लागतं. होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी वाळवायची जागा कुठल्याही सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून ती हरवल्याची दादही कुठे मागता येत नाही.

आणि तालुक्याची दुसरी बाजू? खारेपाट. शहापूर, धेरंड, तिकडच्या भागात समुद्रदर्शन नाही, म्हणून तिकडे बंगलेही नाहीत आणि बातम्याही नाहीत. धरमतर खाडीच्या उधाणाला बाहेरकाठे, म्हणजे खाडीकडचे बांध, फुटतात, खांडी जातात, भातजमिनीत खारं पाणी शिरतं. पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांध घालत, राखत. सरकारने खारभूमीचा कायदा केला, बांध ताब्यात घेतले आणि दुरुस्तीसाठी निधीची वाट बघायची सवय लावली. एक पावसाळा खांड बुजली नाही की शेतात कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवतं. कांदळ उगवलं की ती जमीन वनखात्याच्या नियमांत जाते आणि मग शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात बांध घालायलाही परवानगी लागते. अलिबाग नटलंय असं कोणी म्हणालं की मी त्याला खारेपाटात घेऊन जातो. हेही अलिबागच आहे.

याच खारेपाटातल्या चरीत 1933 ते 1939 अशी सहा वर्षं कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते, डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जमीन पडीक ठेवली, उपास काढले, पण खोतांना वाकवलं. तो संप यशस्वी झाला कारण खोताला कुळाच्या हाताशिवाय पीक येणार नव्हतं. आज आपली पकड कशात आहे, हा विचार आमच्या ग्रामसभांनी करायला हवा. ती आहे. बांधकामाला पंचायतीचा दाखला लागतो. घरपट्टी पंचायत आकारते, आणि 2015 नंतर ती भांडवली मूल्यावर आकारायची आहे, व्यापारी वापराला जास्त भारांक लावून. इंटरनेटवर एका रात्रीसाठी पाच आकडी भाड्याने दिला जाणारा बंगला पंचायतीच्या वहीत ‘राहतं घर’ म्हणून असेल, तर तो दोष मालकाइतकाच वही लिहिणाऱ्याचाही. मुंबईत किंवा अलिबागला दस्त नोंदला की मुद्रांक शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं, त्यातला लहानसा हिस्सा जिल्हा परिषदेमार्फत खाली झिरपतो. तो वेळेत आणि पूर्ण मिळतोय का, हे विचारणारा सरपंच मला भेटायचाय. विहिरी-बोअरच्या नोंदणीसाठी आणि उपशावर लक्ष ठेवायला भूजलाचा 2009 चा कायदा आहे. गावात बोअर किती, खोली किती, कुठे मारल्या, याची यादी पंचायतीकडे नसेल तर ती एका महिन्यात होते. त्यासाठी निधी लागत नाही, आठवीतली दोन पोरं आणि एक वही लागते.

एवढी यादी हातात आली तरी पुष्कळ होईल. ती भिंतीवर लावली की टँकरचं राजकारण उघड्यावर येतं. मग पुढची मागणी सोपी होते: ज्याची बोअर मोठी, ज्याचा तलाव मोठा, त्याने पाऊसपाणी जमिनीत मुरवायची सोय केल्याशिवाय आणि वापरानुसार पाणीपट्टी भरल्याशिवाय दाखला नाही. मला खात्री आहे, बंगलेवाल्यांतले कित्येक जण हे आनंदाने करतील. त्यांना कोणी विचारलंच नाही. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला जाणारी मंडळं पाणी योजनेचा हिशेब घेऊन कधी गेली आहेत?

शासनाकडून मागायचं ते वेगळं. किनारा सुशोभीकरण, प्रकाशयोजना, सेल्फी पॉइंट यांवर पैसा टाकायच्या आधी उमट्याचा गाळ काढा आणि तिथे चालणारं शुद्धीकरण केंद्र उभं करा. ही काही अवघड अभियांत्रिकी नाही. शहराला एमआयडीसीचं पाणी आहे म्हणून शहरातल्या पुढाऱ्यांना उमट्याची झळ बसत नाही, हेही त्यात ओघाने येतंच.

राहिलं सांबरकुंड. महानजवळचं हे धरण 1982 पासून कागदावर आहे. सुरुवातीला काही कोटींचा असलेला खर्च फुगत फुगत काही शे कोटींवर गेला, आणि आता पुन्हा हालचाल दिसते. ते झालं पाहिजे. पण पाणलोटात ज्यांच्या वाड्या आणि शेतं बुडायची आहेत ते बहुतांश आदिवासी आहेत. इतकी वर्षं त्यांच्याकडे ना धड पुनर्वसन ना धड सध्याच्या जागी सोयी, कारण बुडणाऱ्या गावात रस्ता कशाला, असं उत्तर मिळतं. त्यांच्या पुनर्वसनाच्या गावठाणाला पहिल्या दिवसापासून याच धरणाचं नळाचं पाणी, आणि त्यानंतर उमट्यावरची गावं, मग शेती, आणि हॉटेलं-बंगल्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी व्यापारी दराने, असा क्रम जलसंपदा विभागाने कामाच्या आदेशातच लिहून द्यावा. धरण बांधून झाल्यावर हा क्रम ठरवायला बसलो, तर तो मांडव्याच्या कॉफीवर बसून ठरेल आणि सांबरकुंडवाडीतल्या कोणाला त्या टेबलावर खुर्ची नसेल.